दातांची कल्हई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



तुमच्या कार्यवाहांनी मला बोलावताना एक युक्ती केली. विषय त्यांनी ठरवला नाही आणि मलाही ठरवू दिला नाही. आठ दिवस आधी मंडळाच्या दाराशी एक पेटी ठेवली आणि दातांविषयी जिला जे विचारायचे असेल ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव घालू नका, असे सांगितले. काल संध्याकाळी ती पेटी माझ्या हाती आली. मला वाटले होते, दाढदुखी, कीड, कवळी असले प्रश्न निघतील. तेही निघाले. पण निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत एकच काळजी होती. दात पिवळे दिसतात, पांढरे कसे होतील? लिंबू आणि सोडा चालेल का? कोळशाची पूड लावावी का? डॉक्टरकडचे ‘ब्लीचिंग’ करून घ्यावे की त्याने दात खिळखिळे होतात? एका चिठ्ठीत मिश्रीविषयी विचारले आहे आणि एकीत एका भाचीविषयी. या दोन चिठ्ठ्या मी शेवटी घेणार आहे. त्यांना जरा वेळ लागेल.

प्रथम एक गंमत सांगते. पांढऱ्या दातांची ही हौस आपल्या घराण्यांत फार जुनी आहे असे समजू नका. पेशवाईत आणि तिच्यानंतरही बराच काळ आपल्याकडच्या सवाष्ण बायका दात मुद्दाम काळे करीत. त्यासाठी जे मिश्रण लावत त्याला दातवण म्हणत. आज दातवण म्हटले की आपल्याला कडुनिंबाची काडी आठवते, पण जुन्या शब्दकोशांत हा काळा दातवणही सापडेल. हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, आणि हिरड्यासारखे तुरट पदार्थ एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाई अशीच करीत. जपानातही हीच तऱ्हा होती. तिथल्या सरकारने 1870 साली सरदार घराण्यांना दात काळे करण्याची बंदी केली आणि 1873 साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हा कुठे ती चाल मागे पडत गेली. तेव्हा आपल्या पणजीच्या पणजीला आजच्या जाहिरातीतली ती शुभ्र बत्तिशी दाखवली असती, तर तिने ‘अगबाई, हिचे दात असे उघडेबोडके का?’ असेच विचारले असते.

ही गोष्ट नुसती करमणुकीची नाही. लोह आणि तुरटपणा एकत्र येऊन काळे होते, हे आजही आपल्या घरात घडते. लहान मुलांना लोहाचे पातळ औषध देतात आणि महिनाभरात दातांवर काळ्या रेघा दिसू लागतात. आई घाबरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तो डाग वरवरचा असतो, साफ करता येतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूस घालावे आणि वर पाणी पाजावे, म्हणजे झाले. मोठ्या बायकांनी लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवते. चहाने दात रंगतात ते रंगतातच, शिवाय लोह अंगी लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दात पिवळा का दिसतो हे कळल्याखेरीज त्यावर काय लावायचे हे ठरवता येत नाही, आणि आपण नेमके उलटे करतो. आधी लावतो, मग विचारतो.

तुमच्यापैकी ज्यांनी घरात पितळेची पातेली वापरली आहेत त्यांना कल्हई ठाऊक असेल. पितळ पिवळे, त्याच्या आत कथलाचा पांढरा, चकचकीत, पातळ थर. त्या थरावर चिंच आणि वाळू घेऊन कुणी घासायला बसली तर सासूबाई काय म्हणत, तेही ठाऊक असेल! दात हे असेच कल्हईचे भांडे आहे. वर एनॅमलचे कवच, त्याखाली डेंटिन नावाचा पिवळसर भाग आणि त्याच्या आत जिवंत मगज, नसा आणि रक्तवाहिन्या. एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. वजनाने त्यातला सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा. पण ते काहीसे पारदर्शक असते, त्यामुळे खालच्या डेंटिनचा पिवळेपणा त्यातून थोडा झिरपून दिसतो. निरोगी दाताचा रंग म्हणूनच कागदासारखा पांढरा नसतो. तो साईसारखा, किंचित पिवळसर असतो. सुळा शेजारच्या दातापेक्षा पिवळा दिसतो तोही याच कारणाने. त्यात रोग नाही, मळ नाही.

वय वाढते तसे एनॅमल झिजून पातळ होते आणि आतून डेंटिन जाड होत जाते. साठीच्या बाईचे दात विशीतल्या मुलीसारखे दिसत नाहीत ते यामुळे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच संपून जातात. झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. पातेल्याला कल्हईवाला भेटे, दाताला भेटत नाही.

यावरून एक गोष्ट आपोआप निघते. दाताचा जो पिवळेपणा वरून चिकटलेला आहे, तो काढता येईल. चहा, कॉफी, विड्यातला कात, तंबाखू, हळदीची भाजी, शिवाय दातांवर बसणारे किटण, हे सारे वरचे. पण जो रंग दाताच्या अंगातच आहे, तो घासून कधीही जाणार नाही. उलट जितके घासाल तितका वरचा पांढरा थर कमी होईल आणि खालचे पितळ उघडे पडेल. पिवळेपणा घालवण्याच्या खटपटीत दात अधिक पिवळे करून घेतलेल्या बायका माझ्या दवाखान्यात दर महिन्याला येतात. वाईट याचे वाटते की त्यांतल्या पुष्कळजणी दातांची हेळसांड करणाऱ्या नसतात, फार काळजी घेणाऱ्याच असतात.

लिंबाचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त चिठ्ठ्या लिंबाच्या आहेत. हल्ली मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची चित्रे येतात, त्यांत एक हसरी मुलगी लिंबाची फोड दातांवर चोळते आणि लगेच दात चमकतात. हे आपल्याला सहज पटते, कारण आपण सगळ्याजणी तांब्याचा तांब्या लिंबाने नाहीतर चिंचेने घासून लख्ख केलेला असतो. लिंबाने धातूवरचा काळपट थर विरघळतो आणि खालचा नवा धातू दिसतो. तांबे थोडे झिजले तरी खाली तांबेच उरते. दाताचे तसे नाही हे आपण आत्ताच पाहिले.

आंबटपणा मोजण्याचे शास्त्रज्ञांचे एक माप आहे. त्यात शुद्ध पाण्याचा आकडा 7. आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट. तोंडातले पाणी साधारण साडेपाचाच्या खाली गेले की एनॅमल विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा आकडा दोन ते अडीचच्या आसपास आहे. हे माप असे आहे की एका आकड्याच्या फरकाने आंबटपणा दहापट होतो. म्हणजे साडेपाच आणि अडीच यांत तीनपट नाही, हजारपट अंतर पडले. मग लिंबू चोळल्यावर दात पांढरे दिसतात ते खोटे का? खोटे नाही. वरचा मळ निघतो आणि एनॅमलचा पृष्ठभाग विरघळून खडूसारखा खरखरीत होतो. खरखरीत वस्तू पांढरी दिसते. काच घासून धुरकट केली की पांढरी दिसते तशी. चार दिवस आरसा खूश असतो. मग तो मऊ पडलेला थर ब्रशाने निघून जातो, थंड पाणी प्यायले की कळ येते आणि दात पहिल्यापेक्षा पिवळे दिसू लागतात. तेव्हा बाई आणखी लिंबू चोळते.

‘पण त्यात सोडा घातला तर?’ असे तीन चिठ्ठ्यांत आहे. ढोकळ्याच्या पिठात लिंबू पिळून सोडा घातला की काय होते? फसफसते. दोघे एकमेकांना मारतात. तसेच इथे होते. सोडा पुरेसा पडला तर लिंबाचा काही उपयोग उरत नाही, आणि लिंबू जास्त झाले तर दाताला आम्लच लागते. चिमटीने घेतलेल्या दोन वस्तूंचा मेळ नेमका कसा बसला हे कोणाला कळणार? नुसता खाण्याचा सोडा मात्र इतका दोषी नाही. तो मऊ असतो, दात फारसे घासत नाही, वरचे चहाचे डाग काही अंशी काढतो. आठवड्यातून एखाद्या वेळी ओल्या ब्रशावर चिमूटभर घेऊन हलक्या हाताने फिरवला तर माझी हरकत नाही. परंतु त्यात फ्लोराईड नसते. तेव्हा तो रोजच्या पेस्टऐवजी नाही. दाताच्या अंगचा रंगही त्याने बदलत नाही.

आंबट खाऊच नका असे कोणी समजू नये. कैरी, लिंबाचे सरबत, चिंचेची आमटी यांशिवाय आपले चालायचे कसे? खाल्ल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश लगेच करू नये. अर्धा तास जाऊ द्यावा. तेवढ्यात लाळ मऊ पडलेल्या पृष्ठभागाला सावरते. आपली लाळ ही फुकटची दंतवैद्य आहे, तिला कामाला वेळ द्यावा एवढेच.

कोळशाची मौज पाहा. राखुंडी, बदामाच्या टरफलांची जाळून केलेली पूड, शेगडीतला कोळसा, विटकरीची पूड, जाडे मीठ यांनी आपल्या आज्या दात घासत. मग पेस्टवाले आले आणि त्यांनी जाहिरातींतून सांगितले की हे सगळे अडाणीपणाचे, दात खरवडणारे. ते बरेचसे खरेही होते. आता तोच कोळसा काळ्या पेस्टच्या सुबक नळीतून शहरातल्या मुलींना चढ्या किमतीने विकला जातो! कोळसा दात पांढरे करतो किंवा तो सुरक्षित आहे, असे म्हणायला पुरेसा आधार नाही, हा निष्कर्ष अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या मासिकात 2017 साली आलेल्या एका आढाव्यात काढला होता. खरखरीत पुडीने वरचे डाग जातात, त्याबरोबर एनॅमलही जाते आणि काळे कण हिरडीच्या कडेला व भरलेल्या दातांच्या फटींत जाऊन बसतात. विटकर, वाळू आणि जाडे मीठ यांविषयी तर बोलायलाच नको.

बाकीच्यांची वासलात लवकर लावते. हळद हिरडीच्या सुजेला थोडीफार उपयोगी असेल, पण तिने दात पांढरे होतात यावर, लुगड्यावरचा हळदीचा डाग धुणाऱ्या बाईने तरी विश्वास ठेवू नये. तिळाच्या तेलाचा गंडूष आपल्या वैद्यकात सांगितला आहे; तोंड कोरडे पडणाऱ्याला त्याने बरे वाटते, घेतलात तर अपाय नाही, पण रंग बदलेल अशी आशा नको. केळ्याची साल गाईला घालावी. महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणली तर ती खावी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2014 साली स्ट्रॉबेरी आणि सोडा यांचा लेप लावून पाहिला, तेव्हा दात खऱ्या अर्थाने पांढरे झाले नाहीत. कडुनिंबाची वा बाभळीची कोवळी काडी चावून तिचा मऊ कुंचला केला आणि हळू फिरवला तर स्वच्छतेला चांगली. ती आडवी, जोराने ओढली की हिरडीपाशी दाताला खाच पडते. तशी खाच कडक ब्रशानेही पडते, हे ब्रशवाल्यांनीही लक्षात ठेवावे.

आता डॉक्टरकडे काय होते ते सांगते. मी स्वतः दातांचा दवाखाना चालवते, तेव्हा ‘ही आपल्या दुकानाची जाहिरात करणार’ असे कोणी मनात म्हणत असेल तर तिला सांगते की तुमच्यापैकी बहुतेकींना ब्लीचिंगची गरजच नाही. गरज आहे ती साफसफाईची. दातांवर बसलेले मऊ किटण वेळीच काढले नाही तर लाळेतल्या चुन्याने ते दगडासारखे घट्ट होते. ते ब्रशाने निघत नाही, सोड्याने नाही, कशानेच नाही. दंतवैद्य ते यंत्राच्या सूक्ष्म कंपनांनी पाण्याच्या फवाऱ्याखाली काढते. त्यासरशी चहाचे आणि पानाचे डागही जातात, आणि मग पुष्कळजणींना आपले दात मुळात बरेच पांढरे होते असे दिसून येते.

या साफसफाईने दात हलू लागतात हा समज फार पक्का आहे. मला वाटते तो अनुभवातूनच आला असावा. हिरडी सुजून खाली सरकलेली असते आणि किटणाचा तो दगड दातांना शेजारी शेजारी बांधून ठेवतो. दगड काढला की फटी दिसतात, जीभ तिथे जाते आणि दात हलल्यासारखा वाटतो. तो आधीच हलत होता. पडक्या भिंतीवरची वेल काढली म्हणून भिंत पडकी झाली, असे आपण म्हणत नाही.

साफसफाईनंतरही रंग मनासारखा नसेल तर ब्लीचिंग. धुण्याचेच उदाहरण घ्या. दगडावर कपडा आपटून मळ काढणे निराळे आणि औषधाने डाग फिका करणे निराळे. ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साईड नावाचे औषध एनॅमलमधून आत शिरते आणि रंगाच्या कणांचे तुकडे करते; ते दात खरवडत नाही. याचा शोधही योगायोगाने लागला. 1968 च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या एका दंतवैद्याने हिरड्यांच्या दुखण्यासाठी एक जंतुनाशक औषध रुग्णाला दातांच्या साच्यात घालून रात्री लावायला दिले. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळलेले दिसले. 1989 साली हेवूड आणि हेमन या दोघांनी ही रीत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि मग ती जगभर गेली. तुमच्या दातांच्या मापाचा पातळ साचा करायचा, त्यात दहा टक्के कार्बामाईड पेरॉक्साईडचा थेंब घालायचा आणि रात्री घालून झोपायचे, असे सुमारे दोन आठवडे. दवाखान्यात बसवून करतात ते औषध अधिक तीव्र असते, म्हणून हिरड्या झाकून करावे लागते.

यात काही दोष आहेत आणि ते आधी न सांगणारा डॉक्टर निवडू नका. काही दिवस दातांना कळा येतात, बहुधा आपोआप थांबतात. पुढच्या दातावर टोपी किंवा सिमेंटची भर असेल तर तिचा रंग बदलत नाही. बाकीचे उजळतात आणि ती एकटी पिवळी राहते. कीड आणि हिरडीचे दुखणे असेल तर आधी ते बरे करावे लागते, नाहीतर औषध थेट दुखऱ्या जागी जाते. गरोदरपणी आणि अंगावर पाजणाऱ्या आईने हे करू नये. चहा-विडा चालू असेल तर रंग पुन्हा चढतो. उजळपणा कायमचा नसतो. युरोपातल्या देशांनी 2012 पासून असा नियम केला की तीव्र औषध दंतवैद्याखेरीज कोणाला विकायचे नाही आणि अठरा वर्षांखालच्यांवर वापरायचे नाही. आपल्याकडे टपालाने घरी येणाऱ्या पुड्या आणि केस कापण्याच्या दुकानातले ‘टीथ व्हाइटनिंग’ पाहिले की हा नियम मला आठवतो. तोंडात दिवा धरून बसवणाऱ्या त्या बाईला कीड कुठे आहे हे दिसत नाही, आणि तिला ते शिकवलेलेही नसते. खर्चाची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत जावे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय 1933 पासून हे काम करीत आले आहे. तिथे वेळ मोडतो, रांग असते, पण शिकणाऱ्या मुलांवर अध्यापकांची नजर असते.

बाजारातल्या ‘शुभ्र’ पेस्टविषयीही एक चिठ्ठी आहे. त्यांतल्या काही थोड्या अधिक खरखरीत असतात, म्हणून वरचे डाग काढतात. काहींत निळा रंग असतो, तो दातावर पातळ बसला की पिवळेपणा झाकतो. धोतराला नीळ घालतो तेच हे! चूळ भरता भरता उतरते. साधी फ्लोराईडची पेस्ट पुरे.

आता मिश्रीची चिठ्ठी. अक्षर थोडे थरथरते आहे, म्हणून लिहिणाऱ्या वयस्क असाव्यात. त्या लिहितात की मिश्रीने दात स्वच्छ होतात, तोंडाला चव येते, चाळीस वर्षांत एक दाढ दुखली नाही. मग सगळे डॉक्टर तिच्यावर का उठले आहेत?

आजी, तुम्ही इथे बसला असाल. मी तुमच्यावर उठलेली नाही. मिश्री, कोणी मशेरी म्हणतात, ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना लावली जाते म्हणून आपण तिला मंजन समजतो आणि तंबाखू खाणारी बाई वेगळी, मिश्री लावणारी वेगळी, असा भेद करतो. तोंडाच्या कातडीला हा भेद कळत नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, डोके चढते, हात कामाला लागत नाही, असे बायका सांगतात ते खरेच असते. ती तंबाखूची तलफ आहे. दाढ दुखली नाही तेही खरे असेल, कारण तंबाखूने दुखणे बधिर होते. किडलेली दाढ ओरडायची थांबते, किडायची नाही. भाजलेली पूड डाग घासते आणि स्वतःचा काळा रंग मागे ठेवते. मिश्रीने दात स्वच्छ होतात म्हणावे तर मी रोज जे काळपट दात घासते ते कशाचे?

दातांपुरते असते तर मी इतके बोलले नसते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता घरोघरी माहीत आहे. पण आणखी एक गोष्ट तरुण मुलींना सांगायची आहे. मुंबईत 1200 हून अधिक गरोदर बायकांची पाहणी करून 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीच लावीत. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि दिवसही आधी गेले. तंबाखू घातलेली पेस्ट आणि मंजन विकायला आपल्या सरकारने 1992 साली बंदी केली. परंतु ज्या तव्यावर पोळी भाजली त्याच तव्यावर घरात मिश्री भाजली, तर त्यावर कोणता इन्स्पेक्टर येणार? आणि मुलीच्या बोटावर पहिली मिश्री बहुधा आईच ठेवते, किंवा सासू.

सोडायची कशी? एकदम सोडली तर चार-आठ दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधीच घरच्यांना सांगून ठेवावे, म्हणजे ‘आजी अलीकडे फार करवादते’ असे म्हणत कोणी डबी परत हातात देणार नाही. सकाळी उठल्यावर गरम पाणी प्यावे, डबी घरातून बाहेर काढावी, तोंडात बडीशेप धरावी. सुपारी धरू नये. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2004 सालीच जाहीर केले आहे. तंबाखूच्या पुडीवर सरकारने मोफत मदतीचा 1800-11-2356 हा दूरध्वनी क्रमांक छापला आहे, तिथे विचारता येते. आणि आज घरी गेल्यावर उजेडात आरसा घेऊन गाल व ओठ आतून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सोसेनासे होणे, तोंड पुरते न उघडणे, यांतले काही असेल तर सणवार न पाहता दवाखान्यात या. आजी, तुम्ही तर उद्याच या. पैशांचे पाहू नका.

शेवटची चिठ्ठी भाचीची. तिचे माहेर यवतमाळकडचे. पुढच्या दातांवर लहानपणापासून पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. मुलगी हुशार, पण हसताना तोंडावर हात धरते. एका स्थळाने ‘मुलगी तंबाखू खाते का?’ असे विचारले आणि ती त्या दिवसापासून जेवत नाहीशी झाली आहे. मावशीने तिचे दात दोन महिने लिंबाने आणि कोळशाने घासून घेतले.

ते आधी बंद करा. हे डाग मळाचे नाहीत, घासून जन्मात जाणार नाहीत. ही बहुधा पाण्यातल्या फ्लोराईडची करणी आहे. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असले तर एनॅमल नीट बनत नाही. आपल्या देशात हा विकार प्रथम 1937 साली नेल्लोर जिल्ह्यात नोंदला गेला. विदर्भातल्या यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कित्येक विहिरींना आणि बोअरना असे पाणी आहे. मुलीने तंबाखू खाल्लेली नाही, दात घासण्यात आळस केलेला नाही. ती नुसती आपल्या गावचे पाणी प्यायली. त्या स्थळाला हे सांगावे की न सांगावे ते तुम्ही ठरवा. मुलीला मात्र आजच सांगा.

तिच्यासाठी दंतवैद्याकडे उपाय आहेत. डाग हलके असतील तर वरचा केसाइतका थर औषधाने काढून, मग ब्लीचिंग करून बरेच जमते; गडद असतील तर दाताच्या रंगाचा पातळ लेप बसवता येतो. पण मावशींनी चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ सहज लिहिली आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली: धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे आणि तोही त्याच बोअरचे पाणी पितो. त्याचे पुढचे कायमचे दात अजून यायचे आहेत. पाण्यात फ्लोराईडची मर्यादा एका लिटरला 1 मिलिग्रॅम, फार तर 1.5 मिलिग्रॅम धरतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, हे लक्षात ठेवा. आटल्याने ते उलट दाट होते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची रीत बसवली आहे, पण तुरटीचे प्रमाण पाणी तपासल्यावरच ठरते, घरी अंदाजाने फिरवून नाही. तेव्हा मावशी, तुम्ही माहेरी फोन करा. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत त्या बोअरचे पाणी भरून, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत या आठवड्यातच तपासायला द्यायला सांगा. निकाल येईपर्यंत मुलाला प्यायला आणि त्याच्या स्वयंपाकाला पावसाचे साठवलेले किंवा दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचे पाणी द्यावे. भाचीला घेऊन तुम्ही माझ्याकडे या. मंगळवारी दुपारी मी मोकळी असते.